गंगीने घासलेला पाईप

उधव्याच्या अलीकडे डांबरी सडक सोडून खाली उतरलं की ओहोळाच्या काठाला सात घरांचा पाडा लागतो. त्यातलं शेवटचं घर गंगीचं. या बाईला कुणाचं कौतुक म्हणून कधी करता आलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याने भाकरीची तारीफ केली, तर ती म्हणायची, "उपाशी निघालेला दिसतो." पाड्यावर कुणी नवी मोटरसायकल आणली, की ती आधी टायर बघायची आणि मग माणसाचे पाय, आणि दोन्हींबद्दल काही ना काही बोलायची.

लग्नानंतरचे पंधरा हंगाम ती नवऱ्याबरोबर, देवजीबरोबर, घोलवडला चिकूच्या वाड्यांत तोडणीला गेली. तिथला मुकादम खाली उभा राहून वर बोट दाखवायचा, 'हा तोड, तो तोड.' गंगी फळावरची तपकिरी भुकटी अंगठ्याने पुसायची, नखाने जरासं खरवडायची, आत हिरवं दिसलं की फळ तसंच झाडावर सोडायची. मुकादमाच्या हुकमाने भरलेल्या टोपल्यांत अर्धी फळं कच्ची निघाली, तेव्हा ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "डोळं दिलं देवाने बिचाऱ्याला. नखं द्यायची राहिली." पुढच्या हंगामाला तिला कामावर बोलावलं नाही. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. देवजीला वाटलं, पण बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. देवजी म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली काठी. लागेल तेव्हा उपयोगी, एरवी मुकी.

मग तिने ओहोळाच्या काठावरच्या अर्ध्या एकरात मिरची धरली. भात कापून झालं की नोव्हेंबरात रोपं लावायची, ओहोळाच्या कोंडीतलं, दगडांनी अडलेल्या डोहातलं, पाणी द्यायचं, फाल्गुनात लाल मिरची अंगणात वाळत घालायची आणि चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत बसून विकायची. घरातलं मीठ-तेल, देवजीची औषधं, धाकट्या लेकीचा, प्रगतीचा, तलासरीच्या कॉलेजला जायचा बसपास, सगळं त्या अर्ध्या एकरातून यायचं. दुसरं काही नव्हतं.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात लावलेली सगळी रोपं आठ दिवसांत माना टाकून बसली.

देवजीला वाटलं, रोग आला. गंगीने एक रोप उपटलं आणि मूळ बोटांत धरलं. उकडलेल्या शेंगेचं टरफल सुटावं तशी मुळाची साल हातात आली. दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या वेळेला कोंडीवर गेली. थंडीत ओहोळावर नेहमीच धुकं असतं, त्या दिवशी ते कोंडीवरच जरा जास्त दाटलं होतं. तिने पाण्यात हात घातला. आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखं पाणी होतं. काठाला दोन मुऱ्या मासे पोटं वर करून तरंगत होते.

वरच्या अंगाला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या कुंपणातून एक पाईप निघून गंगीच्या बांधावरून सात-आठ हात यायचा आणि खाली उतरून कोंडीतल्या दगडांखाली जायचा. तोंड पाण्याच्या आत, दिसायचं नाही. चार वर्षांपूर्वी तो टाकताना कारखान्याच्या लोकांनी देवजीचा अंगठा घेतला होता. पावसाचं पाणी जाईल, असं सांगितलं होतं. पाईप मातीने, शेवाळाने माखला होता. गंगीने त्याच्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढला.

ती तशीच कारखान्याच्या फाटकावर गेली. मॅनेजर प्रितेशभाई वापीहून गाडीने यायचा. बोलणं फार गोड.

"अरे गंगीबेन, ए तो बंद लाईन छे. त्यातून काय पण जात नाय."

"मग गरम कशाने?"

"उन्हाने तापते ना. स्टील आहे."

"सकाळच्या सहा वाजता?"

प्रितेशभाई हसला. "तुमचे इकडे ऊन लवकर येते."

घरी येऊन गंगीने त्याला ज्या काही उपमा दिल्या त्या प्रगतीने अर्जात लिहिल्या नाहीत. तिने सरळ लिहिलं: कोंडीत गरम पाणी सोडतात, रोपं मेली, चौकशी करावी. अर्ज तालुक्याला गेला. गंगीने तोवर दुसऱ्यांदा बी टाकलं. घराजवळच्या लहानशा वाफ्यात हांडीतल्या पाण्यावर रोपं वर येऊ लागली. रोपं चाळीस दिवसांची झाली की शेतात जायला हवीत. त्यापुढे वाफ्यात राहिली तर लांबट होतात, तिथेच फुलतात आणि मग शेतात जीव धरत नाहीत. आणि शेताला पाणी होतं ते फक्त त्या कोंडीचं.

डिसेंबर संपताना पत्र आलं. चौकशीचं काम ठाण्याच्या एका संस्थेला कंत्राटाने दिलं आहे. तिचा माणूस उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन दोन वेळा येईल.

"आये, तो कॅमेरा गरम-थंड बघतो," प्रगती म्हणाली. "हात न लावता."

"हात न लावता कळतं? बघू दे मग. देव असंल."

बोलली अशी, पण मनातून ती सुखावली होती. दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बांधावर यायला निघालं होतं. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी, गरम पाणी थांबून पाईप निवल्यावर, ती चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन बांधावर बसली आणि पाईप घासायला लागली. चार वर्षांचा चिखल, शेवाळ, पाखरांची घाण. देवजी वरून बघत उभा राहिला.

"कशाला घासते?" त्याने विचारलं. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

"उद्या त्याचा फोटो काढायचा हाय. मळकटाचा फोटो कसा येल? तुला पण लग्नात घासूनच उभा केला होता."

अंधार पडेपर्यंत पाईप मांडणीवरच्या भांड्यासारखा लखलखायला लागला. एका सांध्याच्या पोटाखाली तिचा हात पोचला नाही, तेवढा चिखल राहिला.

साहेब दहाला आला. ऋषभ त्याचं नाव. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगात नारिंगी जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कोपरापर्यंत हातमोजे. जीप सडकेवरच्या मोरीपाशी थांबली होती. तिथेच, जीपपासून चार पावलांवर, त्याने ओहोळाच्या पाण्याची बाटली भरून घेतली.

"साहेब, गरम पाणी खाली येतं. तुम्ही वर भरलं," प्रगती म्हणाली.

"नमुना कुठूनही चालतो. ओहोळ एकच ना?"

गंगीने देवजीकडे पाहिलं. "आयकलं का? ताटात एका बाजूला आमटी, दुसऱ्या बाजूला भात. साहेब भात चाखून आमटीचं मीठ सांगणार."

प्रितेशभाई आधीच बांधावर येऊन उभा होता. ऋषभने पेटीतून कॅमेरा काढला. सुताराच्या भोकं पाडायच्या यंत्राएवढा, खाली मूठ, मागे पडदा. गरम ते लाल-पिवळं दिसतं, थंड ते निळं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि आधी कोंडीच्या वरच्या अंगाला ओहोळावर धरला. निळं. मग पाईपवर धरला. पाईप निळाशार.

"एकोणीस," तो म्हणाला. "हवेपेक्षाही थंड आहे. यातून काही जात नाही."

"मी सांगत होतो," प्रितेशभाई म्हणाला. "थंडागार. बंद लाईन छे."

"तुम्हीच म्हणाला, उन्हाने तापतो," गंगी म्हणाली. "आता थंड झाला? ऊन कुठे गेलं?"

प्रितेशभाईने साहेबाला चहाचं विचारलं.

गंगी ऋषभच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने पडद्यात डोकावलं. निळ्या पाईपच्या पोटात एक लांबट लाल आकृती होती, चिमटीत दाबल्यासारखी. ऋषभने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं, तशी आकृतीही हलली.

"साहेब, तुम्ही पाईपात कशाला शिरला?"

"काय?"

"हे बघा. हात हलवा. हललं ना?"

ऋषभने हात हलवला. पाईपातल्या लाल माणसाने हात हलवला. "ते काहीतरी... चकाकी आहे," तो म्हणाला.

"आणि हे?" सांध्याच्या खाली बोटभर जागा पिवळीजर्द दिसत होती.

"सांध्यापाशी असं येतं कधीकधी. ते धरायचं नसतं."

"साहेब, हात लावा एकदा. तुमचं यंत्र बाजूला ठेवा नि हात लावा."

"मावशी, हात लावणं आमच्या नियमात नाही. हाताचा पुरावा नसतो. अहवालात फोटोची जागा असते." मग, बाईचं मन मोडू नये म्हणून, त्याने हात लावला. हातमोज्यासकट. "मला तर काही लागत नाही."

"डोक्याला पण घालून ठेवलंय वाटतं," गंगी म्हणाली. देवजी खोकला. प्रगतीने मान खाली घातली.

जीप गेल्यावर गंगी पाईपशेजारी बसून राहिली. तिने आयुष्यात अनेकांना मूर्ख ठरवलं होतं. त्या दुपारी तिला यादीत एक नाव वाढवावं लागलं आणि ते जड गेलं. साहेब शिकून आंधळा होता, प्रितेशभाई मतलबाने. पण पाईप घासला होता तो तिने. ती पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांपुढे आणत होती: लाल माणूस आणि पिवळी जागा. जिथं घासलं तिथं साहेब दिसला. जिथं मळ राहिला तिथं पाईप दिसला.

"आरसा केला मी त्याचा," ती घरी येऊन म्हणाली. "साहेबाने आरशात बघितलं आणि पाईपाचा ताप लिहून नेला. शाणी गंगी! आणखी घास!"

"मग आता परत चिखल लावायचा?" प्रगतीने विचारलं.

"चिखल सुकला की पडंल. शेण लावायचं. सारवायचं."

दुसऱ्या भेटीला अकरा दिवस होते. वाफ्यातली रोपं त्या दिवसांत वीतभर होऊन गेली. वरच्या शेंड्यांना पहिल्या कळ्या आल्या, तेव्हा गंगीने त्या खुडून टाकल्या, एक एक, आणि प्रत्येक कळीसाठी ऋषभला एक शिवी दिली. प्रगती म्हणायची, निदान अर्धी तरी लावून टाकू. गंगी नाही म्हणायची. उकळत्या पाण्यात दुसऱ्यांदा रोपं टाकायला तिला वेड लागलं नव्हतं. रोज सकाळी कोंडीत हात घालून यायची आणि काही न बोलता चूल पेटवायची. त्यावरून घरच्यांना पाणी कसं आहे ते कळायचं.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी ती उजाडताच शेणाची पाटी घेऊन गेली. पाईप तापलेला होता, हात टिकत नव्हता. तिने बोटं भरभर फिरवली, अंगणात फिरवते तशी, अर्धगोल, एकाला लागून एक. मध्ये हातभर जागा मुद्दाम उघडी ठेवली. शेण बसताच फसफसलं, त्यातून वाफ निघाली आणि पाटीत हात घालून परत येईस्तोवर पहिला पट्टा वाळून पांढुरका झाला. जानेवारीच्या थंडीत अंगणातलं सारवण दुपारपर्यंत ओलं राहतं. उरलेलं शेण तिने बांधावरच्या एका दगडाला फासून टाकलं आणि हात धुतले.

ऋषभ आला तो नाक दाबूनच. "हे काय केलंत मावशी? असल्या पाईपचा फोटो कसा घ्यायचा?"

"मागच्या वेळी घासूनपुसून दिला होता, तेव्हा तुम्ही स्वतःचाच काढला. घ्या आता."

प्रितेशभाई पुढे झाला. "साहेब, ए आमची लाईन आहे. पहिले धुवून घेऊ. पाणी मागवतो."

"आमच्या बांधावर हाय," गंगी म्हणाली. "धुवायला पाणी आणाल ते पण गरम असंल."

ऋषभने कॅमेरा उचलला, बहुधा भांडण टाळायला. पडद्यावर उघडी जागा पूर्वीसारखीच निळी होती. पण जिथे शेण होतं तिथे गंगीच्या बोटांचे फटकारे लाल-पिवळे उमटले होते, पाचही बोटं वेगळी मोजता येतील असे, एकाला लागून एक अर्धगोल, कोंडीपर्यंत. कुणीतरी अंधारात विस्तवाने अंगण सारवावं तसं. प्रगतीला ते इतकं सुंदर दिसलं की क्षणभर ती कशासाठी उभी आहे हे विसरली. ऋषभ आकड्याकडे बघत होता.

"एकसष्ट," तो हळूच म्हणाला.

मग प्रितेशभाईला सुचलं.

"साहेब, शेण गरमच असते. शेणात गॅस असते. गोबरगॅस नाय का?"

गंगी त्याच्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्याचं बोलणं मनापासून आवडलं. "हां. मग बॉयलरात शेणच घाला ना, प्रितेशभाई. लाकडं कशाला जाळता? आमच्या गोठ्यात या. मी पाटी भरून देते."

"मी खरं सांगतो, साहेब—"

"साहेब, त्या दगडाला पण हेच शेण हाय. याच पाटीतलं, याच हाताचं. त्याला विचारा."

ऋषभने कॅमेरा दगडावर फिरवला. दगड निळा, त्यावरचं शेण निळं. बावीस. तो पुन्हा पाईपकडे वळला, पुन्हा दगडाकडे. नंतर त्याने डाव्या हाताचा मोजा काढला, शेणाच्या पट्ट्याशेजारच्या चकचकीत जागेवर, जी त्याच्या पडद्यात निळी होती, तळवा ठेवला आणि "आई गं!" म्हणून हात झटकला.

"नियमात बसलं का?" गंगीने विचारलं.

तो खाली बसला आणि पेटीतली कॅमेऱ्याची पुस्तिका काढली. ती नवी होती, पानं एकमेकांना चिकटलेली. तो चाळत असताना प्रगती त्याच्या खांद्यावरून वाचायला लागली. कॉलेजात जाऊन तिला इंग्रजी वाचता येत होतं आणि आईच्या पोटी जन्मल्यामुळे गप्प राहता येत नव्हतं.

"आये, यात लिवलंय. चकाकणाऱ्या धातूवर कॅमेरा चुकतो. समोरचं प्रतिबिंब मोजतो. आधी काळी पट्टी चिकटवा, मग पट्टीवर मोजा."

"पट्टी कुठून आणायची?"

"पेटीतच देतात म्हणे."

पेटीतच होती. काळ्या चिकटपट्टीचं रीळ, वरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेलं. ऋषभने ते हातात घेतलं आणि बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. ते बघायला कॅमेरा लागत नव्हता.

"मावशी, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

गंगीला एकाएकी त्याचा कंटाळा आला. मोठ्या माणसाला नमवताना जी मजा येते ती यात उरली नव्हती. हा तर पोरगेला होता आणि त्याचा तळहात भाजला होता. "तुम्हीच दाखवलं," ती म्हणाली. "पाईपात शिरून. आता लिहा लवकर. माझी रोपं म्हातारी होतायत."

त्याने तिथेच बांधावर बसून लिहिलं. या वेळी पाण्याची बाटली कोंडीतून भरली, दगडांखाली हात घालून, बाहीभर भिजून. प्रितेशभाई फोनवर बोलत फाटकाकडे गेला आणि परत आला नाही.

नोटीस पाचव्या दिवशी निघाली. तिची प्रत प्रगतीने तालुक्याहून आणली आणि अंगणात वाचायला सुरुवात केली. संस्थेच्या तज्ज्ञांनी पृष्ठभागावर स्थानिक सेंद्रिय लेप देऊन आधुनिक तंत्राने सदर गळती शोधून काढली, असं त्यात होतं.

"लेप," गंगी म्हणाली. "शेण म्हणायला जीभ विटाळली का त्यांची?"

"तुझं नाव पण नाय, आये. तक्रार करू या?"

"नाव काय जमिनीत लावायचं हाय? पाणी कधी बंद, तेवढं वाच."

सात दिवसांच्या आत, असं लिहिलं होतं. गंगी कागदावरच्या सात दिवसांवर विसंबणारी नव्हती. ती रोज उजाडता कोंडीवर जात राहिली. चौथ्या दिवशी कारखान्याची दोन माणसं आली, बांधावरचा पाईप कापून दोन तुकडे जीपमध्ये घालून घेऊन गेली आणि कुंपणाच्या बाजूच्या तोंडाला सिमेंट थापून गेली. त्यांनी शेणाकडे बघून तोंडं वाकडी केली. पाचव्या दिवशी कोंडीतलं पाणी कोमट होतं. सहाव्या दिवशी तिने हात घातला आणि थंडीने तिची बोटं वाकली. ती मनगटापर्यंत हात तसाच ठेवून बसली, मधूनच हलवत, दगडांच्या फटींत चाचपत, जणू कुठेतरी कुणी थोडं गरम पाणी लपवून ठेवलं असेल. मग उठून तिने तिथूनच हाक मारली.

"आयकलं का? वाफा मोकळा कर! सगळी आण!"

रोपं साठ दिवसांची झाली होती, खोडं राठ, मुळं एकमेकांत गुंतलेली. देवजी ती सोडवत होता, प्रगती शेंडे खुडत होती आणि गंगी खड्ड्यात रोप धरून मुठीने माती दाबत होती. कॉलेज बुडालं त्या दिवशी. दुपारपर्यंत बारा ओळी झाल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक बुंध्याला लोटाभर पाणी.

बारातल्या सात ओळींनी जीव धरला. पाच ओळी पंधरा दिवसांत वाळल्या. रोपं लांबली होती, त्यांना कुणाचाच इलाज नव्हता. गंगीने त्या उपटून बांधावर टाकल्या आणि रिकाम्या खड्ड्यांत चवळी टोचली. खाली वाकून पुढे सरकताना ती ऋषभला, प्रितेशभाईला आणि स्वतःला सारख्याच शिव्या देत होती. मागून देवजी कोंडीचं पाणी घेऊन येत होता आणि नुकत्याच टोचलेल्या चवळीवर हळूच सोडत होता.